पट्टीने आखलेल्या चौकटी

दोन हजार चार-पाचची गोष्ट. साउथहॅम्प्टनच्या एका जपानी कंपनीत मी आमचं सॉफ्टवेअर बसवत होतो. तिथले एक वयस्क गृहस्थ रोज नऊच्या ठोक्याला माझ्या टेबलाशी येत. हातात तोच कागद, त्यावर पट्टीने आखलेल्या सात चौकटी. प्रत्येक खरेदीला सात जणांची मंजुरी त्यांना स्क्रीनवर हवी होती.

"आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाचीच मंजुरी लागते," मी रोज सांगायचो. ते वाकून आभार मानायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर!

तीन आठवड्यांनी मी वैतागलो. "सात जण कशाला?"

"एकाचीच सही असली, तर चूक झाल्यावर तो एकटा पडतो."

त्याच दिवशी मी हा बदल करायची परवानगी मागितली. माझा इंग्रज मॅनेजर म्हणाला, "बदल करायचाय? मग जबाबदारी तुझी, लिहून दे." मी लिहून दिलं, खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी नऊला ते आले. माझा तो कागद त्यांनी मागून घेतला. पट्टी ठेवून माझ्या सहीशेजारी सात चौकटी आखल्या, पहिलीत स्वतःचा शिक्का उमटवला. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या चुकीत वाटेकरी व्हायला कुणी आलं नव्हतं.

मग कागद उचलून ते पुढच्या टेबलाकडे निघाले.