अक्काने निवडलेली तीन नाणी

सुनीताचा फोन आला तेव्हा मी उमरग्याच्या स्टँडवर पेपर चाळत उभा होतो. "मामा, आई गेली," एवढंच ती म्हणाली. सास्तूर तिथून तासाभराच्या आत, पण वर्षभरात मी बहिणीच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता. लाज, दुसरं काय!

अक्का नर्स होती. त्र्याण्णवच्या भूकंपाआधी सास्तूरला बारीक हादरे बसायचे, तेव्हापासून ती तान्ह्या सुनीताला घेऊन अंगणात झोपायची. लोक हसायचे. भावजीही हसायचे आणि आत झोपायचे... भूकंपात ते गेले. दाणे, दागिने, माणूस, सगळं एकाच भिंतीखाली सापडलं. पुढे पगारातून तिने थोडं पोस्टात, थोडं बँकेत टाकलं, जमिनीचा एक तुकडा घेतला, आणि एकटीने लेक शिकवली.

मी मास्तरकीतून निवृत्त झालो आणि एका मित्राने नव्या क्रिप्टो नाण्याचं वेड लावलं. वर्षात दामदुप्पट म्हणे. फंडाची सगळी रक्कम त्यात घालायला निघालो, तर अक्काने महिनाभर थांबायला सांगितलं. साठी ओलांडलेली ही बाई चष्मा लावून सुनीताकडून क्रिप्टो शिकायला बसली! प्रत्येक नाण्याला तिचे प्रश्न ठरलेले: किती वर्षं टिकलंय, लोक ते कशाला वापरतात, एकाच माणसाच्या मुठीत तर नाही? पन्नासेक नावांतून तीन उरली. निम्म्याहून जास्त बिटकॉइन, त्याखालोखाल इथर, चिमूटभर तिसरं. तेही शिलकीच्या विसाव्या हिश्शाचं, दर महिन्याला थोडं थोडं, आणि दहा वर्षं हात लावायचा नाही, असं तिने स्वतःसाठी ठरवलं आणि मलाही तेच सांगितलं. माझं नाणं पहिल्याच प्रश्नाला बाद झालं. त्याला जेमतेम चार महिने झाले होते.

मी चिडलो. नको ते बोलून गेलो, "भूकंप झाला म्हणून जन्मभर अंगणातच झोपणार का गं?"

ती चष्मा पुसत राहिली. "झोपले की अंगणात. म्हणून सुनीता हाय."

तरी मी निम्मी रक्कम त्या नाण्यात घातलीच. सहा महिन्यांत ते मातीमोल झालं. अक्काने त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही. उलट दर रविवारी फोन करून जेवायला बोलवायची. मीच काहीतरी कारण सांगून टाळायचो.

अक्काच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बुद्धवंदना आटोपल्यावर, सुनीताने माझ्या हातात एक बंद पाकीट ठेवलं. अक्काची नाणी ज्या डिजिटल तिजोरीत आहेत, ती उघडायला चोवीस शब्दांची किल्ली लागते; एकही शब्द कमी चालत नाही. अक्काने बारा एका कागदावर लिहिले होते, बारा दुसऱ्यावर. एक पाकीट लेकीच्या नावाचं, दुसरं माझ्या.

"अगं, माझ्याकडं कशाला?" मी म्हणालो. "पैसा बुडवणारा माणूस मी."

"आईलाबी म्या हेच इचारलं," सुनीता म्हणाली. "तर मला म्हणाली, अर्धं तुझ्याकडं नि अर्धं मामाकडं असल्यावर तो घरी येणं टाळायचा न्हाय."

पाकीट आता माझ्या कपाटात आहे, न उघडलेलं. वर माझं नाव, अक्का दवाखान्यात औषधाच्या पुड्यांवर लिहायची त्या टपोऱ्या अक्षरात. आज रविवार. सास्तूरला निघालोय.