पहिल्या आंब्याच्या सहा बाटल्या

आमच्या बाटल्यांच्या वर्गातल्या दोघी कुठेही भेटल्या, मग ते लग्न असो की दवाखान्यातली रांग, पाच मिनिटांत एक किस्सा निघतोच. दुसरी त्याला आपला जोडते. तिसरी असली तर म्हणते, "असं नव्हतंच ते, थांब, मी सांगते!" माझ्याकडे हे इतके साठलेत की सून म्हणते, "आई, आता हे पण बाटलीत भरून ठेवा." ठेवले असते, पण आमच्या बाटल्यांचं काय काय झालं ते तिला कुठे माहीत आहे!

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. मी गिरगावातून लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले होते. परळला एका महिला मंडळाच्या खोलीत दर सोमवारी दुपारी फळं-भाज्या बाटलीत टिकवायचा वर्ग भरायचा. आमच्या इकडून जायचो तिघी. मी, माझी शेजारीण सुमनवहिनी, आणि समोरच्या चाळीतल्या यमुनाताई कांबळे. शिकवायला माटुंग्याहून कर्णिकबाई यायच्या. अंगाने काडी, पण आवाज असा की उकळतं पाणीसुद्धा शांत व्हावं!

पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "लोणच्याला मीठ राखतं, तेल राखतं. इथे दोन्ही नाही. इथे फक्त उकळणं आणि झाकण!"

आम्ही माना डोलावल्या. उकळणं आम्हाला येत होतं. झाकणाने मात्र वर्षभर रडवलं.

* * *

झाकणाच्या आत रबराची रिंग लागते. वर्गातल्या रिंगा संपल्या आणि बाई म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात मिळतील. इकडे टोमॅटो तर पिकून लाल झालेले. थांबणार कोण?

यमुनाताईंचे यजमान गिरणीच्या बॉयलरवर होते. ते म्हणाले, "रिंग ना? त्यात काय! बॉयलरच्या जॉइंटला आम्ही रोज बसवतो." त्यांनी सायकलची जुनी ट्यूब आणली आणि कात्रीने अशा गोल रिंगा कापल्या की बघत राहावं. टोमॅटोचा रस भरला, बाटल्या उकळल्या, झाकणं बसली. महिनाभराने उघडली तर रस जसाच्या तसा! बुरशी नाही, फेस नाही. आम्ही तिघी एकमेकींना टाळ्या देत होतो.

त्याचं सार केलं आणि सुमनवहिनीच्या सासूबाईंना पहिली वाटी दिली. त्यांना सगळी चाळ 'आये' म्हणायची. मालवणकडच्या, तोंडाच्या फटकळ. आयेने एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि सुनेला विचारलं, "ह्या टमाट्याचा सार की पंक्चरचा?"

त्या दिवसापासून आयेने जाहीर केलं की बाटलीतलं काही आपण तोंडात घालणार नाही. बाटलीतलं खाऊन माणूस मरतं, असं ती पाण्याच्या नळावर सगळ्यांना सांगायची. सांगताना बोट आमच्याकडे!

* * *

उन्हाळ्यात सत्याग्रह सुरू होता. सुमनवहिनीचा नवरा दत्ताराम गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. एका सकाळी तो सत्याग्रहींच्या तुकडीबरोबर गेला आणि पकडला गेला. चाळीने जयजयकार केला. सुमनवहिनी पण हसतमुखाने गॅलरीत उभी होती. मग आत येऊन माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली.

चौथ्या दिवशी गावाहून आंब्याची करंडी आली. लहानशीच. पण तो आंबा साधा नव्हता. सात वर्षांपूर्वी दत्तारामने गावच्या घरामागे स्वतःच्या हाताने कलम लावलं होतं. दर सुट्टीत जाऊन तो त्याला पाणी घालायचा, आणि मुंबईत आला की चाळभर त्याची खुशाली सांगायचा. त्या झाडाने यंदा पहिल्यांदा फळ धरलं होतं. आणि धरलं ते नेमकं मालक तुरुंगात असताना! आत काही पाठवायची सोय नव्हती. सुटका कधी, कुणाला ठाऊक नाही.

करंडीसमोर बसून सुमनवहिनी म्हणाली, "हा आंबा ह्यांनी खाल्ल्याशिवाय राहायचा नाही. मी बाटल्या भरणार."

आये तिथेच होती. म्हणाली, "पयलो आंबो असो मारून ठेवतत काय गो?"

पण करंडी तिने अडवली नाही.

* * *

आता आंब्याचा रस म्हणजे सहा उंच बाटल्या. त्या उभ्या मावतील एवढा टोप आमच्या दोन्ही घरांत नव्हता. यमुनाताईंकडे होता. त्यांनी तो डोक्यावरून आणला आणि सुमनवहिनीच्या दारात ठेवला.

आयेचा चेहरा बदलला. कांबळ्यांचा टोप, तिच्या चुलीवर! पदर सावरून ती दोन पावलं मागे सरली. आम्हाला दोघींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. यमुनाताईंच्या घरात त्याच वर्षी बुद्धाची तसबीर लागली होती. त्या असलं काही गिळून घेणाऱ्या राहिल्या नव्हत्या.

त्यांनी शांतपणे टोपात फडकं अंथरलं, बाटल्या उभ्या केल्या, पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "आजी, बाईंनी शिकवलंय, अर्धा तास उकळलं की सगळं शुद्ध होतं. टोप शुद्ध होणार, बाटल्या शुद्ध होणार. आता राहिलात तुम्ही. बसता का टोपात?"

आये यमुनाताईंकडे बघत राहिली. मग खो खो हसत सुटली! इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि यमुनाताईंनी पुढे केलेला पाण्याचा पेला तिने घटाघटा रिकामा केला. पाणी कुठल्या कळशीतलं, ते विचारायचं ती विसरली. आम्ही काही आठवण करून दिली नाही.

* * *

सहातली पहिली बाटली मी घालवली. कबूल करते.

बाईंनी दहा वेळा सांगितलं होतं की उकळती बाटली गोणपाटावर ठेवायची. मी घाईत ती ओल्या लादीवर ठेवली. 'टक्' असा आवाज आला आणि बूड लादीवर, बाकीची बाटली माझ्या हातात. केशरी रस मोरीकडे निघाला.

सुमनवहिनी फडकं घेऊन लादी पुसायला बसली. मला तर रडूच कोसळलं. यमुनाताईंचे यजमान दारात उभे होते. म्हणाले, "वहिनी, रडू नका. माझ्या हाताने पहिल्या वर्षी काय फुटलं ते सांगितलं ना, तर गिरणीवाले मला आज पण काढून टाकतील!"

राहिल्या पाच.

* * *

बाईंचा नियम होता की प्रत्येक बाटलीवर भरल्याची तारीख पाहिजे. आमच्याकडे तारखा लक्षात कुणाच्या राहतात? टोमॅटोच्या बाटल्यांवर आम्ही लिहिलं होतं 'नळाला पाणी नव्हतं तो दिवस' आणि 'हरताळाच्या दुसऱ्या दिवशी'. बाई संतापल्या होत्या. म्हणाल्या, "हे काय लेबल आहे? हरताळ तर दर आठवड्याला असतो!"

आंब्याची एक बाटली सुमनवहिनीने वर्गात दाखवायला नेली. बाईंनी चष्मा लावून लेबल वाचलं. त्यावर लिहिलं होतं, 'ह्यांना नेलं त्याचा चौथा दिवस'.

आता ओरडा बसणार म्हणून आम्ही माना खाली घातल्या. बाईंनी बाटली उलटी करून बघितली, झाकणावर बोट फिरवलं, आणि पुन्हा सुमनवहिनीच्या हातात दिली.

"झाकण उत्तम बसलंय," त्या म्हणाल्या. "आणि तारीख बरोबर आहे."

* * *

दोन बाटल्या आयेने घालवल्या. तिचा हेतू वाईट नव्हता, हे आधीच सांगते.

बाटलीतलं खाणार नाही म्हणाली, तरी मुलाच्या आंब्यावर तिचा जीव होता. जन्मभर तिने लोणची घातलेली. लोणचं रोज वरखाली केलं नाही तर खराब होतं, हे तिच्या हातात भिनलेलं. सुमनवहिनी पाणी भरायला गेली की आये दोन बाटल्यांची झाकणं उघडायची, लाकडी डावाने रस ढवळायची, वर स्वच्छ फडक्याचा दादरा बांधायची आणि वहिनीची चाहूल लागली की झाकण लावून टाकायची. असं तीन दिवस!

चौथ्या दिवशी रसाला फेस आला. चोरी उघडकीला आल्यावर आये उलट सुनेवरच उखडली. "माका वाटला तू इसारतस! बरणी भरतत आणि ढवळणत नाय, ह्या खयचा शिक्षाण?"

वर्गात हे सांगितलं तेव्हा कर्णिकबाई खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "वीस वर्षं शिकवतेय. बुरशीचं सांगितलं, मुंग्यांचं सांगितलं. सासूचं सांगायचं राहिलं!"

पुढच्या सोमवारपासून फळ्यावर पहिली सूचना आली. 'बंद बाटली ढवळू नये. घरातल्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगणे.'

* * *

पावसाळ्यात एकदा पोलीस चाळीत शिरले. त्या दिवसांत दंगा झाला की सोड्याच्या बाटल्या उडायच्या, त्यामुळे बाटली दिसली की त्यांचे डोळे मोठे व्हायचे. सुमनवहिनीच्या माळ्यावर तीन बाटल्या ओळीने उभ्या!

हवालदार स्टुलावर चढला. "बाई, हे काय भरलंय?"

"आंबा."

"आंबा? ह्या दिवसांत?"

तेवढ्यात धडाम! एका बाटलीचं झाकण नीट बसलं नव्हतं. आतला रस कधीचा फसफसत असावा. झाकण आढ्याला लागलं, रस हवालदाराच्या टोपीवर, आणि हवालदार स्टुलावरून थेट खाली. खालचे दोन शिपाई जिन्यापर्यंत पळाले!

हवालदार उठला, मिशीवरचा रस पुसला आणि उरलेल्या दोन बाटल्यांकडे हात केला. "त्या पण उघडा."

सुमनवहिनी मध्ये उभी राहिली. एरवी ती मोठ्याने बोलायची नाही. पण त्या दिवशी तिचा आवाज तळमजल्यापर्यंत गेला. "साहेब, हा माझ्या मालकांच्या झाडाचा पहिला आंबा आहे, आणि ते तुमच्याच तुरुंगात आहेत. मला न्यायचं तर न्या. झाकणाला हात लावायचा नाही!"

हवालदाराने मिशीवर राहिलेला थेंब जिभेने चाखला. थोडा विचार केला.

"लिंबू कमी पडलं," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

पुढच्या सोमवारी वर्गात एक नवीन बाई आली. नवरा पोलिसात होता!

* * *

गणपती झाले, नवरात्र तोंडावर आलं आणि दत्ताराम सुटून आला. नाक्यापासून चाळीपर्यंत वाजत गाजत आणला. गळ्यात इतके हार की चेहरा दिसेना. जिन्यात, गॅलरीत, आमच्या खोलीच्या दारात माणूस मावत नव्हता. दत्ताराम आपल्या खोलीत आला, आईच्या पाया पडला आणि पाटावर टेकला. केवढा वाळला होता! सुमनवहिनीने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि माळ्यावरून बाटली काढली.

यमुनाताईंनी माझा हात धरला. सहा महिने आम्ही चाळीचं हसू सोसलं होतं, आणि आत काय निघेल हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

वहिनीने झाकण फिरवलं. 'फस्स' असा बारीक आवाज आला आणि खोलीभर आंब्याचा वास सुटला. नवरात्राच्या तोंडावर, लालबागमध्ये, हापूस! मागे कुणीतरी "अरे बापरे" म्हणालं. वाटीत रस पडला तो असा केशरी की सकाळी काढला असावा. मला ओरडावंसं वाटत होतं.

दत्तारामने वाटी उचलली. ओठाला लावणार, तोच आयेने त्याचं मनगट धरलं.

"थांब. आदी मी."

"आये?"

"बाटलीतला हा. माका काय जाला तर जाला. तू अजून माका जितो होयो आसस."

तिने वाटी त्याच्या हातातून घेतली, देवाकडे बघितलं, डोळे घट्ट मिटले आणि एका दमात रस पिऊन टाकला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे. यमुनाताईंनी हळूच विचारलं, "आजी, कसं वाटतंय?"

आयेने डोळे न उघडता वाटी पुढे केली. "अजून नीट समजणा नाय. घाल."

सुमनवहिनीने घातला. आयेने तोही संपवला. जीभ टाळूला लावून थोडा वेळ थांबली आणि पुन्हा वाटी पुढे. तिसरी वाटी झाली. चौथीला वहिनीने बाटली उलटी करून तळ चमच्याने खरवडला. दत्ताराम रिकाम्या हाताने पाटावर बसून होता.

"आये," तो शेवटी म्हणाला, "माझ्या झाडाचो आंबो गो!"

आयेने पदराने तोंड पुसलं. सुनेकडे बघितलं, रिकाम्या बाटलीकडे बघितलं आणि मग मान वर करून माळ्याकडे.

"ह्या बाटलीत काय वायट नाय," ती म्हणाली. "पण दुसरीचो काय भरवसो? ती पण काढ बगू!"