शिंगं साळलेली फटफटी

आमच्या दादाची फटफटी चालू झाली की हिर्डोशीच्या रानात म्हशी पान्हा चोरायच्या आणि तिकडं मार्गासनीत कोंबड्या अंड्यांवरून उठायच्या. मार्गासनी तिथून किती कोस, ते विचारू नका. आवाजच तसा होता.

भाटघरच्या धरणावर एक गोरा इंजिनिअर होता, दादा तरणेपणी त्याच्या हाताखाली. साहेब विलायतेला निघाला तेव्हा आपली फटफटी दादाला देऊन गेला. मी लोकांना सांगायचो, अशा पृथ्वीवर तीनच निघाल्या. एक विलायतेच्या राजाकडं, एक समुद्रात बुडाली आणि एक आमच्या गोठ्यात. राजा आणि समुद्र माझ्या पदरचे. पण गाडी दुर्मिळ होती, यात खोटं नाही. काळीभोर टाकी, तिच्यावर केसाएवढी सोनेरी रेघ, आणि कंपनीचं नाव असं उठून आलेलं की बोटानं वाचावं.

इंग्रज जाऊन दहाएक वर्षं झाली आणि दादाचे डोळे जायला लागले. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, फार तर वर्षभर. दादानं डोळ्यांचं बोलणंच टाकलं. घोर लागला तो फटफटीचा.

“माज्या मागं तुमी तिला भंगारात घालनार,” तो म्हणायचा. “कदर असलेल्या मानसाच्या हाती पडली पायजे. आन् ते बी मला थोडं दिसतंय तवर.”

मग त्यानं शाळेतल्या मास्तरांकडून पुण्याच्या पेपरात जाहिरात दिली. ‘जुनी विलायती मोटारसायकल. मूळ स्थितीत, चालू. शौकिनांनीच यावे.’ पंधरा दिवसांत पत्र आलं. मुंबईचे एक गृहस्थ, जुन्या गाड्या जमवणारे, येत्या रविवारी येतो म्हणाले.

त्याच आठवड्यात दादा-वहिनी दोन दिवस पुण्याला गेले, डोळे दाखवायला. फटफटी माझ्या ताब्यात. आता तुम्हीच सांगा, बैल बाजारात काढायचा तर आपण काय करतो? शिंगं साळतो, हिंगूळ लावतो, वर बेगड चिकटवतो. मळकट शिंगाच्या बैलाकडं कोण बघतं? मुंबईचं गिऱ्हाईक येणार आणि पुढं तीस वर्षांचा काळा, टवके उडालेला रंग? मला लाज वाटली. बेंदराच्या सणाला बैलांसाठी आणलेला हिंगूळ घरात शिल्लक होता. काचेच्या तुकड्यानं मी टाकी साळली, अगदी पत्रा उघडा पडेस्तवर. सोनेरी रेघ गेली, नाव गेलं. मग लालभडक हिंगूळ दिला, दिव्याच्या कडेनं बेगड लावली. गाडी अशी दिसायला लागली की गावातली चार माणसं पाया पडून गेली. बरं, चार नसतील. दोन तर नक्कीच.

दादा परत आला. त्याला एव्हाना उजेड आणि सावली, एवढंच कळायचं. मी म्हटलं, “पुसून गोणपाटाखाली ठेवलीया. आता कुनी हात लावायचा न्हाई.” तो हसला. “शाना हायेस.”

रविवारी गृहस्थ आले. मी राजापासून सुरुवात केली, समुद्रापर्यंत पोचलो आणि गोणपाट ओढलं.

ते वाकले, टाकीवरून बोट फिरवलं, लाल झालेलं बोट रुमालाला पुसलं.

“साहेब, गप का?” ओट्यावरून दादानं विचारलं.

“रंग नवा दिलाय,” ते हळूच म्हणाले. “मी मूळ रंगासाठी आलो होतो, दादा. नवा तर मीही देऊ शकलो असतो.”

“रंग? कसला रंग?”

दादा भिंतीला धरत उतरला. त्यानं टाकीवर दोन्ही हात ठेवले. नावाची जागा शोधली. पुन्हा शोधली. दादाचं तोंड माझ्याकडं वळलं, अगदी बरोबर मी उभा होतो तिकडं.

“म्याच सांगितलं हुतं साहेब, रंग द्याया,” तो म्हणाला. “आंधळा मानूस. कळलं न्हाई मला.”

उभ्या जन्मात दादाला खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं. गृहस्थांनी त्याचा हात हातात घेतला, चहाही घेतला, आणि ते निघून गेले.

दादा मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. जाहिरातीला दुसरं पत्र आलं नाही. दिवाळीनंतर त्याचे डोळे पुरते गेले, आणि एक दिवस त्यानंच भोरच्या भंगारवाल्याला निरोप धाडला. बैलगाडी दारात लागली तेव्हा तो ओट्यावर बसून होता.

“टाकीला धरून ओढू नगंस रं,” त्यानं भंगारवाल्याला सांगितलं. “चौकटीला धर.” मग मला विचारलं, “धरली का चौकटीला?”

भंगारवाल्यानं एक हात टाकीला, एक हात चाकाला लावून ती फरफटत नेली होती.

“व्हय,” मी म्हटलं. “दोगांनी उचलून ठिवली.”