कारलं सोडणारी माणसं

काशीला आलेला माणूस जाताना काहीतरी आवडतं सोडून जातो. एखादं फळ, एखादी भाजी, क्वचित कुणी चहा. गंगेत उभं राहून ओंजळीतलं पाणी सोडायचं आणि म्हणायचं, आजपासून हे मी खाणार नाही. माझे बाबा दुर्गाघाटावर उपाध्ये आहेत. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी तेच सांगतात. त्यामुळे लोक काय सोडतात याची माझ्याइतकी माहिती माझ्या अख्ख्या वर्गात कुणाला नव्हती. लोक कारलं सोडतात. त्याच्या खालोखाल दोडका, मग पडवळ. हापूस आंबा सोडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

बाबांना याचा भारी राग. एक तर ही उघड उघड फसवणूक, आणि दुसरं म्हणजे कारलं हा बाबांचा जीव की प्राण. गूळ, चिंच, दाण्याचं कूट घातलेलं भरलं कारलं असलं की ते पोळीचा हिशेब विसरत. गल्लीच्या तोंडाशी बसणारा सब्जीवाला कोवळी कारली त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. समोर यजमान हात जोडून "गुरुजी, कारलं सोडलं" म्हणाला की बाबा मंत्र सांगत राहायचे, पण घरी येऊन चप्पल काढता काढता सुरू व्हायचे. "आज पुन्हा तिघांनी कारलं सोडलं. अरे, गंगामाईला काय उल्लू समजता?" आई म्हणायची, तुम्हाला गंगेचा अपमान झाल्याचं वाईट वाटतंय की कारल्याचा?

मी अकरावीत होते. शाळा, मग कोचिंग, मग घर. आमच्या गल्लीत गाडी येत नाही आणि सायकलसुद्धा हातात धरून न्यावी लागते. वाटेत सांड आडवा बसला की तो उठेपर्यंत थांबायचं. सांड होता म्हणून उशीर झाला, हे कारण आमच्या शाळेत कुणी मानत नसे. मानणार कसे, सगळ्यांच्याच गल्लीत सांड होता. रविवारी मी बाबांबरोबर घाटावर जायची. यात्रेकरूंचे मोबाईल आणि पर्सा सांभाळायच्या, पाण्यात उभ्या असलेल्या काकूंचे फोटो काढायचे, हे माझं काम. माझं मराठी ऐकून त्या काकू एकमेकींकडे बघून हसायच्या. "किती गोड बोलते, पण मध्येच हिंदी का गं?" मला त्याचा मनस्वी संताप यायचा. मी त्यांच्या फोटोत त्यांची बोटं तेवढी कापायची.

त्या वर्षी मला जगात एकच गोष्ट हवी होती. पोहत उस पार जायचं.

माझ्या बाकावर बसणारी माझी मैत्रीण मल्लाहाची मुलगी. तिच्या वडिलांची नाव ब्रह्मा घाटाला लागायची. नववीच्या उन्हाळ्यात तिनेच मला पोहायला शिकवलं होतं, म्हणजे ढकलून दिलं होतं. बनारसच्या घाटावरच्या पोरांमध्ये पोहता येतं की नाही असं कुणी विचारत नाही, पार गेलीस का असं विचारतात. पार म्हणजे समोरची रेती. ती आठवीत असतानाच पार गेली होती आणि कुठलंही भांडण तिथे आणून संपवायची. केमिस्ट्रीच्या मार्कांवरून भांडलो तरी शेवटी, "पहले पार होके आओ, तब बोलना." वार्षिक परीक्षा झाल्यावर, चैत्रात, नदी उतरली की जायचं असं आम्ही ठरवलं. तिचे वडील, मी त्यांना चाचा म्हणते, नाव घेऊन बाजूने येणार होते. आता फक्त घरून परवानगी हवी होती.

बाबांनी थोडी दाढी खाजवली आणि म्हणाले, आईला विचार. म्हणजे त्यांचा अर्धा होकार होता. आई म्हणाली, "नाही."

माझी आई कृष्णाकाठची, लग्न होऊन काशीला आलेली. बँकेत नोकरी करते. आमच्या घरात शुद्ध मराठी ती एकटीच बोलते आणि प्रत्येक गोष्टीला कारण देते. आमटीत मीठ कमी का, यालाही तिच्याकडे कारण असतं. या वेळी मात्र तिने कारण दिलं नाही. मी चार दिवस तोंड फुगवून हिंडले, छतावर जाऊन जेवले, मोठ्याने सुस्कारे टाकले. कशाचा परिणाम होईना तेव्हा मी मेथी निवडत बसलेल्या आईसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "तुला स्वतःला पोहता येत नाही ना, म्हणून तू मला अडवतेस."

आई मेथी निवडत राहिली. बाबा तिथेच वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी एकदा आईकडे पाहिलं, आणि त्यांना एकदम आठवलं की संकठा देवीच्या दर्शनाला जायचं राहिलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मैत्रीण घाटाशीच पोहत होतो, तर आई पायऱ्या उतरून आली. हे नवलच होतं. आई घाटावर यायची ती सणावाराला. शेवटच्या पायरीवर वाकून दोन ओंजळी पाणी डोक्यावर घ्यायची आणि लगेच वर. त्या दिवशी ती खालच्या पायरीवर नीट मांडी घालून बसली. मी तिला दाखवायला म्हणून जोरजोरात हातपाय मारले, भरपूर पाणी उडवलं आणि धापा टाकत बाहेर आले.

"पाय गुडघ्यातून मारतेस," आई म्हणाली. "मांडीतून मार. आणि श्वास घ्यायला मान वर काढू नकोस, नुसती बाजूला वळव. दमशील अशाने."

आम्ही दोघी तिच्याकडे बघतच राहिलो. मैत्रिणीने विचारलं, आंटी, आपको कैसे पता?

मग आईने सांगितलं, आणि आपण कुठल्या तरी तिसऱ्याच बाईबद्दल बोलतोय अशा आवाजात सांगितलं. पाठीला वाळका भोपळा बांधून ती कृष्णेत पोहायला शिकली होती. दहावीत असताना भावांच्या बरोबरीने नदी ओलांडायची. सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवायला हाका मारून मारून माझी आजी थकायची, आणि ही भिजलेल्या परकरातच पानावर येऊन बसायची. लग्न होऊन इथे आली तेव्हा बाबांच्या आईने तिला गंगापूजेला घाटावर नेलं. तू बाहेरून आलेली, म्हणाल्या, काहीतरी सोड, आवडतं असेल ते. सोबतच्या बायका कानात सांगत होत्या, अगं, दोडका म्हण, दोडका म्हण. आईने पोहणं सोडलं.

"त्यांनी सांगितलं पोहणं सोड म्हणून?" माझा आवाज चढला होता. हॉलमध्ये हार घातलेल्या फोटोतल्या त्या आजीशी मी तिथल्या तिथे भांडायला तयार होते.

"नाही गं. त्या तर चक्रावल्याच. पण तोवर पाणी सोडून झालं होतं." आई पायरीवरचं वाळलेलं झेंडूचं फूल कुस्करत होती. "मी आठ दिवस इथल्या बायका बघत होते. घाटावरच्या साखळीला धरून तीन बुड्या मारायच्या नि वर यायचं. सून म्हणून आलेली बाई नदीत हात मारत लांब जाते, हे कुणी चालवून घेतलं असतं का, कोण जाणे. मी विचारलंच नाही. कुणी नाही म्हणायच्या आधी मीच सोडलं. म्हणजे मग कुणाचा राग यायला नको."

ज्या नदीच्या काठी माझा जन्म गेला, तिच्याकडे आई इतकी वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती आणि मला वाटायचं की ती कपडे वाळले का बघते. मला तिची फार माया आली आणि तेवढाच रागही आला.

"तू जा पार," आई उठत म्हणाली. "मी ‘नाही’ का म्हणत होते ते माझं मलाच कळत नव्हतं. काल तू बोललीस तेव्हा कळलं. मी नावेत बसून येते."

परीक्षा संपल्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही उजाडताच निघालो. बाबाही आले. त्यांना नंतर एका कुटुंबाचे विधी सांगायचे होते, त्यामुळे पळी-पंचपात्राची पिशवी मांडीवर घेऊन ते नावेत बसले. चाचा वल्ही मारत होते, मैत्रीण माझ्या पुढे पोहत होती आणि दर थोड्या वेळाने मागे वळून मला चिडवायची. निम्म्यापर्यंत मी मजेत होते. मग एक मोठी मोटरबोट गेली, तिच्या लाटा आल्या, नाकातोंडात पाणी गेलं, आणि काठ होता तिथेच राहिला. खांदे भरून आले. नावेला हात लावला की पार गेलं असं कुणी मानणार नव्हतं, आणि मला तर हात लावावासा वाटत होता.

"उताणी हो," आईचा आवाज आला. "हात पसर. आकाशाकडे बघ. घाई नाही."

मी उताणी झाले. तरंगता तरंगता डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला नाव दिसली. नावेच्या कडेवरून आईचा हात कोपरापर्यंत पाण्यात होता. पंजा वाटीसारखा करून ती पाणी मागे ढकलत होती, पुन्हा पुढे नेऊन पुन्हा ढकलत होती. तिला ते माहीतही नसावं. बाबा मात्र तिच्या त्या हाताकडे बघत होते. मी पालथी झाले आणि पुन्हा पोहायला लागले. थोड्याच वेळात पायाला रेती लागली.

उस पार विशेष काहीच नसतं. रेती, टुरिस्टांना फिरवणारे उंट, एक चहाची टपरी. मैत्रिणीने माझ्या पाठीत एक गुद्दा घातला, म्हणजे अभिनंदन केलं. आई नावेतून उतरली आणि साडी जराशी उचलून घोटाभर पाण्यात उभी राहिली. मी लगेच वकिली सुरू केली. इथे मेलेला माणूस गाढवाच्या जन्माला जातो असं अख्खं बनारस म्हणतं, म्हणजे हा काठ काशीत येत नाही. मग काशीत सोडलेलं इथे कसं लागू होईल?

"असं असतं तर कारलं सोडलेल्यांनी पुण्याला जाऊन खावं," आई म्हणाली. "सोडलेलं सगळीकडे सुटतं गं. राहू दे." पण ती पाण्यातून बाहेर काही आली नाही.

बाबांनी पिशवी उघडली. धोतर सावरत ते पाण्यात उतरले आणि आईला म्हणाले, "इकडे ये. माझ्या हाताला हात लाव." विधीच्या वेळी बायकोने नवऱ्याच्या हाताला हात लावायचा असतो, म्हणजे त्याने केलेलं दोघांचं होतं. हे मी शेकडो यजमानांना करताना पाहिलं होतं, या दोघांना फार कमी वेळा. आईने हात लावला. बाबांनी देश, काळ, गोत्र, सगळा संकल्प सावकाश म्हटला, एक अक्षर गाळलं नाही. मग हातात पाणी घेऊन मराठीत म्हणाले, "हिने सोडलेलं हिला परत मिळो. त्याच्या जागी मी कारलं सोडतो."

आणि पाणी सोडून मोकळे झाले.

"अहो," आई म्हणाली. "कारलं?"

मी विचारलं की असं शास्त्रात आहे का. बाबा पंचपात्र पुसत म्हणाले, नसलं तर गंगामाई मला विचारेल, तू तुझ्या फिजिक्सचं बघ. मग म्हणाले, उशीर होतोय, यजमान ताटकळले असतील.

आईने पदर खोचला, नऊवारीसारखा काष्टा घातला आणि पुढे गेली. पाणी कमरेपर्यंत आलं तेव्हा थोडी थांबली. मग ती पाण्यावर आडवी झाली. पहिले काही हात जरा वाकडे पडले, नंतर सरळ पडायला लागले. जराही पाणी उडत नव्हतं. चाचा वल्ही सोडून उभे राहिले आणि म्हणाले, पंडिताइन तो हमसे अच्छा तैरती हैं. मला रडू फुटलं. मी आधीच ओली होते म्हणून कुणाला कळलं नाही. बाबा यजमानांचा उशीर विसरून गेले होते.

पुढे ज्येष्ठात नगरकडच्या एका कुटुंबाने विधी झाल्यावर जेवण घातलं. आम्हालाही आमंत्रण होतं. पंगतीत वाढायला त्यांच्या घरच्या काकू भरली कारली घेऊन आल्या. गूळ, चिंच, दाण्याचं कूट, सगळं होतं. बाबांनी पानावर आडवा हात धरला आणि म्हणाले, काशीला सोडलंय.

काकू थबकल्या. "गुरुजी, तुम्हीसुद्धा कारलंच सोडलं?"

सगळी पंगत हसली. काशीचा उपाध्येसुद्धा आपल्यासारखाच निघाला, म्हणून लोकांना फार बरं वाटलं. मी तोंड उघडणार होते, पण बाबा स्वतःच त्यांच्यात मिळून हसत होते. "काय करणार," ते म्हणाले, "सगळे तेच सोडतात." आई समोरच्या ओळीत बसली होती. ती हसत नव्हती, बाबांकडे बघत होती. आम्ही घाटावरून सरळ जेवायलाच आलो होतो, आणि तिचे केस अजून ओले होते.