दुसऱ्या पाळीचा डबा

अमावस्येला नवीन गाडी घरी आणणारा माणूस आहे मी. शोरूमवाला दोनदा म्हणाला, "उद्या न्या की साहेब." मी म्हटलं, "उद्या मला सुट्टी नाही." भूतखेत, दृष्टांत... असलं कुणी सांगायला लागलं की मी चहा सांगायच्या निमित्तानं उठायचो. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी क्वालिटीला आहे. बावीस वर्षं वितळलेल्या लोखंडाचं तापमान मोजतोय. म्हणजे गरम काय नि गार काय, यात तरी माझी फसगत होऊ नये.

तरीपण हे झालं.

माझे वडील — आण्णा — कसबा बावड्याच्या पुढं, नदीकडच्या अंगाला जी पेपर मिल होती, तिथं ड्रायर खात्यात होते. ओला कागद वाफेनं तापलेल्या भल्यामोठ्या लोखंडी सिलिंडरांवरून फिरत फिरत वाळतो, ते खातं. मिल बंद पडून बरीच वर्षं झाली. अलीकडं एका ट्रस्टनं मशीनं पुसून, रंग देऊन तिथं म्युझियम केलंय. आण्णांना ते बघायचं होतं. मी "या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ" करत राहिलो... आणि मागच्या पावसाळ्यात ते गेले. झोपेतच.

त्यानंतर आईचं जेवण तुटलं. हट्ट म्हणून नाही, घासच उतरेना. अर्धा कप दूध, दोन चमचे भात. सगळ्या तपासण्या झाल्या, आजार काही निघाला नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, वजन असंच उतरत राहिलं तर ॲडमिट करून नळी घालावी लागेल.

आई मला म्हणायची, "ते जेवल्यात का न्हाईत हेच कळंना झालंय रे. मग मी कशी जेवू?"

याचा अर्थ आमच्या घरातल्यांनाच कळेल. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. आण्णा दुसऱ्या पाळीला असले की साडेपाचला मशीनजवळच डबा खायचे. आणि बरोबर त्याच वेळी आई मंगळवार पेठेत, घरी, आपलं ताट वाढून घ्यायची. तिकडं ते बसले असतील म्हणून इकडं ही. पुढं आण्णा रिटायर झाले, तरी वेळ तीच राहिली.

जानेवारीतल्या एका रविवारी ती एकाएकी म्हणाली, "अजित, मला मिल दाखव. आजवर गेटाच्या आत पाऊल टाकलं न्हाई मी."

दुपारी बाराच्या सुमारास तिनं स्वतः गॅस पेटवला. चार महिन्यांत पहिल्यांदा! भाकरी, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी. स्टीलच्या तीन पुडांच्या डब्यात सगळं भरलं. मला वाटलं, बाहेरच्या हवेत दोन घास खाईल. निघालो चारनंतर. डबा मी गाडीत ठेवला, मीच काढला. तेव्हा तो थंडगार होता. हे मी खात्रीनं सांगतो.

आत दस्तगीरचाचा भेटले. मिलचे जुने कामगार, आण्णांबरोबर एक-दोनदा आमच्या घरी आलेले. आता येणाऱ्यांना मशीनं समजावून सांगतात. आधी म्हणाले, "पावणं, मशीनला हात लावू नगासा." मग आईकडं बघून एकदम थांबले. "वैनी न्हवं का तुमी? आण्णांच्या?"

आईनं मान हलवली. म्हणाली, "ते डबा कुठं ठेवत होते, तेवढं दाखवा."

चाचांनी तिसऱ्या सिलिंडरच्या बाजूची एक लोखंडी फळी दाखवली. "ह्यो बघा. मशीनच्या धगीनं अर्ध्या तासात तापायचा. डबा तापला की आण्णा हाक मारायचे, चला रं, तुमच्या वैनींनी वाढलंय."

म्युझियममध्ये खायचं न्यायला बंदी आहे. पण आईनं डबा त्या फळीवर ठेवला तेव्हा चाचा खिडकीतून बाहेर बघत राहिले.

मग आम्ही लगद्याचे हौद, जुने फोटो बघितले. आई हळूहळू चालत होती. मोठ्या दाराशी खुर्च्या होत्या, तिथं तिला बसवलं आणि मी डबा आणायला गेलो. एकटाच. साडेपाच होत आले होते.

कडी धरली आणि हात झटकन मागं घेतला. चटका बसला होता.

रुमालात धरून आणला. आई म्हणाली, "तापला व्हय?" बस्स, एवढंच. जणू मी शेगडीवरून उतरवून आणलाय. तिनं झाकण काढलं. आमटीतून वाफ येत होती.

मी अक्षरशः पळत गाडीकडं गेलो. कामाची टेंपरेचर गन डिकीत असते. चकचकीत स्टीलवर ती चुकीचं दाखवते, म्हणून आमटीवर धरली. चौसष्ट डिग्री. फळी, सव्वीस. सिलिंडर, सव्वीस. भिंत, सव्वीस. ऊन त्या बाजूला येत नाही. जवळपास वायर नाही. वाफेचे पाइप तर मिल बंद झाली तेव्हाच कापून नेलेत, चाचांनी मला तोंडं बुजवलेली दाखवली.

आम्ही परत दाराशी आलो तर आई भाकरी कुस्करून आमटीत घालत होती. जेवली. सावकाश, अख्खी भाकरी. मी तिच्यासमोर ती गन हातात धरून उभा होतो आणि मला रडू आवरत नव्हतं.

त्या दिवसापासून ती जेवते. नळीची वेळ आली नाही.

माझं मात्र डोकं शांत बसेना. पुढच्या रविवारी मी एकटाच गेलो. तोच डबा, तशीच आमटी, तीच फळी, तीच वेळ. दर पाच मिनिटांनी मोजलं. तासाभरात अर्धी डिग्रीसुद्धा हलली नाही. फौंड्रीतल्या दोघा इंजिनियरांना विचारलं, त्यांनी डबा उलटसुलट करून बघितला आणि परत दिला. कुणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा, मी वाद घालणार नाही.

घरी येऊन आईला सांगितलं, की आज पुन्हा डबा ठेवून बघितला, पण गारच राहिला. ती माझ्यावर रागावलीच.

"उगंच त्यांना हेलपाटा कशाला घालायचा? आता तरी इसावा घेऊ दे की त्यांना."

आणि मला म्हणाली, हात धू, जेवायला बस.