दोन हातांवरचा चेंडू

आमचे हे फौजेत होते. छावणीतल्या गोल्फच्या मैदानाची देखभाल बरीच वर्षं त्यांच्याकडे होती. खेळायला एखादा साहेब कमी पडला की यांना बोलावत. तसेच ते शिकले. हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आले तेव्हा काळ्या ट्रंकेबरोबर तीन जुन्या स्टिका आणि पिशवीभर चेंडू होते.

मी तेव्हा चिखलीला शाळेत शिकवत होते. शेत अमडापूरला. सोयाबीन निघालं की सगळ्या रानात हरभरा पेरायचा, पण विहिरीजवळचा एक तुकडा यांनी मोकळाच ठेवायला लावला. त्यावर रूळ फिरवला, चाळलेली वाळू पसरली आणि मधोमध एक रिकामा डबा तोंडापर्यंत पुरला. दर रविवारी एसटीने आम्ही तिकडे जायचो. माझे दीर हसायचे. मला मात्र आवडायचं. नोकरीच्या वर्षांत हा माणूस माझ्या वाट्याला आलाच किती होता?

लांबून चेंडू मारताना त्यांचा हात चुकत नसे. अडचण शेवटी. डबा दोन हातांवर आला, आता चेंडू फक्त हळूच ढकलायचा, की हे अवघडायचे. मी एकटी असले तर दहातले दहा जायचे. पण बांधावर कोणी येऊन उभं राहिलं की खांदे वर चढायचे, श्वास अडायचा आणि चेंडू डब्याच्या कडेने निघून जायचा.

"काऊन फौजी, एवढुसाक चेंडू नाई जात का?" बांधावरून आवाज यायचा.

"जाते बे, जाते," हे म्हणायचे. आणि पुन्हा हुकायचं.

एका रविवारी विहिरीच्या काठावर भाकरी खाताना ते आपणहून बोलले. "एक डाव मी कर्नलसाहेबाच्या जोडीले होतो. शेवटचा चेंडू. दोन हातावर भोक. झोपेत मारला असता, असा. अन् मले वाटलं, सारे माह्याकडेच पाहून राह्यले. बस, हात माहा राह्यलाच नाई."

"साहेब रागावले असतील."

"नाई ना वं. रागावले असते त बरं झालं असतं. ते काईच नाई बोलले."

"अन् तुम्ही इतके वर्षं मले सांगितलं नाई?"

"काय सांगू? हुकला, हे सांगू?"

मला माझा वर्ग आठवला. तपासणीला साहेब आले की पाढे तोंडपाठ असलेली मुलगीही फळ्यासमोर मुकी व्हायची. "घाबरू नको" म्हटलं की जास्तच घाबरायची. मी विचारायचे, डब्यात काय आणलंस ग? ती सांगायची, आणि त्याच तोंडाने पाढा सुरू व्हायचा.

पुढच्या रविवारी हे चेंडूवर वाकले, बांधावर दोघं-तिघं उभे होते, आणि मी विचारलं, "अहो, संध्याकाळी भाजी काय करू?"

"चूप बस ना वं!"

चेंडू गेला भलतीकडे. पण मी सोडलं नाही. तिसऱ्या की चौथ्या रविवारी ते मान न उचलता म्हणाले, "वांग्याची कर. मिर्ची झनझनीत टाक," आणि चेंडू डब्यात खणखणला. बांधावरचे लोक ओरडले. हे डब्यातून चेंडू काढायचंही विसरले, नुसते माझ्याकडे पाहत राहिले.

त्याच हिवाळ्यात जुन्या पलटणीचं बोलावणं आलं. निवृत्त लोकांचा मेळावा, त्यात गोल्फचा सामना. आठ दिवस हे "नाई जात" म्हणत होते. नवव्या दिवशी कोटाला इस्त्री केली.

मी दोरीमागच्या खुर्चीवर बसले होते. शेवटच्या भोकापर्यंत यांची जोडी बरोबरीत होती आणि चेंडू, जसा काही मुद्दाम ठेवावा तसा, दोन हातांवर. दोरीभोवती सगळे येऊन उभे राहिले. यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या लांबून मी काय विचारणार? नुसते ओठ हलवले: भाजी? ते हसले. खांदे खाली आले. चेंडू मारला. तो भोकाच्या काठावरून अर्धा वळसा घेऊन बाहेर थांबला.

यांनी चेंडू उचलून खिशात टाकला, जोडीदाराशी हात मिळवला, त्याला काहीतरी सांगून हसवलं आणि माझ्याकडे आले. "हुकला. चाल, चहा घेऊ."

परतताना गाडीत तो चेंडू कसा वळला ते त्यांनी मला तीनदा सांगितलं, अगदी मजेत. "तवा हात माहा नव्हता," ते म्हणाले. "आज माहा होता. अन् हुकलाही माहाच."

हे जाऊन तीन वर्षं झाली. त्या तुकड्यात यंदा दिरांनी हरभरा पेरला. विचारायला आले होते. मी हो म्हटलं.

मागच्या महिन्यात बुलढाण्याला निवृत्त शिक्षकांचा सत्कार होता. जन्मभर वर्गापुढे बोललेली मी माइकसमोर उभी राहिले आणि डोकं कोरं झालं. कशीबशी दोन वाक्यं बोलून खाली बसले. कोणाच्या लक्षातही आलं नसेल. पण परतीच्या एसटीत शेजारच्या बाईला मी सगळं सांगून टाकलं.

"होते असं, बाई," ती म्हणाली आणि तिच्या फाट्यावर उतरून गेली.

भली होती. यांनी मात्र विचारलं असतं, पुढं कोण बसलं होतं, माइक किती उंच होता, कोणतं वाक्य आठवलं नाही. चिखली येईपर्यंत मी एकेकाचं उत्तर मनात देत बसले होते.