आली बघा म्हातारी परत

माझी बायको सुशीला गेली तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवर चहा घेत बसलो होतो. मुलगा खाली आला, शेजारी पायरीवर बसला... मला समजलं. आज महिना उलटला. मायाळू होती, शांत होती, असं सगळे येऊन बोलून गेले. शांत कुठली? चांगली भांडायची. मी चौथी शिकलेला माणूस, सजवून लिहायला येत न्हाय, म्हणून तिचं भांडणच लिहितो.

नातीनं मोबाईल दिल्यापासून ती बेळगावच्या बातम्या त्याच्यावर वाचायची, आणि खाली लोक काय काय लिहितात तेही. मी म्हणायचो, "रिकामटेकडी माणसं ती." ती म्हणायची, "अहो, त्यांचंच लोकांना खरं वाटतंय."

गेल्या वर्षी एक व्हिडिओ आला. लुगडं नेसलेल्या एका जोगतिणीला लोक बसस्टँडवर मारतायत, आणि वर लिहिलेलं, बेळगावात सांबऱ्याजवळ पोरं पळवणारी टोळी सापडली. खाली नुसत्या शिव्या. 'तो दिसला की झोडा.' 'ते बाई बी न्हवं, बाप्या बी न्हवं.' आमच्या दारात दर मंगळवारी यल्लक्का जोगतीण परडी घेऊन येते. पुरुषाच्या जन्माला आली, यल्लम्माची झाली, तेव्हापासून बाईच. त्या मंगळवारी ती आली न्हाय. खडेबाजारात कुणी तिच्यावर दगड टाकले, असं कळलं.

सुशीला व्हिडिओ थांबवून थांबवून बघत बसली. आम्हा सीमेवरच्या लोकांची नजर आधी पाटीवर जाते, पाट्यांवरनं भांडण्यात आमची हयात गेली. मी म्हटलं, "मागं कानडी पाटी हाय. म्हंजे इथलंच." ती कानडी शाळेत शिकलेली. म्हणाली, "मग मला का वाचता येईना? तेलुगू असंल हे. लांबनं सारखंच दिसतंय."

मग तिनं लिहिलं, हे बेळगाव न्हाय, पाटी बघा. सांबऱ्यात कुणाचं पोर गेलं, नाव सांगा. आणि जोगतिणीला तो, ते म्हणू नका. ती स्वतःला ती म्हणते, आपणही ती म्हणायचं.

मी हसलो. "एवढ्याशा शब्दानं काय हुतंय?"

"तुम्हाला कुणी 'ते म्हातारं' म्हटलं तर?"

"म्हणत्यातच की."

"म्हणत्यात, पण दगड मारत न्हाईत. हिला आधी 'ते' म्हटलं, मग दगड उचलला."

लोक तिच्यावरच तुटून पडले. म्हातारे, गप बस, माळ ओढ. ती प्रत्येकाला एकच विचारायची... पोराचं नाव सांगा. एकानंही सांगितलं न्हाय. शेवटी टाकणाऱ्यानं व्हिडिओ गुपचूप काढून टाकला. पुढच्या मंगळवारी सुशीला स्वतः जाऊन यल्लक्काला खडेबाजारातनं, भर गर्दीतनं, शेजारी शेजारी चालत घेऊन आली.

तिचा मोबाईल अजून स्वयंपाकघरातल्या फळीवर असतो, शेजारी तिचा चष्मा. मी रोज चार्जिंगला लावतो. काल परत तोच व्हिडिओ आला, दुसऱ्या गावाचं नाव घालून. चष्मा लावला, मला चालतोय तो. एका बोटानं लिहायला लई वेळ लागला. पाटी बघा, पोराचं नाव सांगा, आणि तिला ती म्हणा. वर नाव सुशीलाचंच उमटलं.

लगेच कुणीतरी लिहिलं, "आली बघा म्हातारी परत!"

व्हय. आली.